सेकंदासेकंदाची नोंद बागेच्या काय कामाची?

द्राक्षबागेत तापमान-आर्द्रतेचा डेटा लॉगर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप आकडे नोंदवून साठवणारं छोटं यंत्र, लावायचा म्हटलं की एक सल्ला हमखास पुढे येतो: "इंटरव्हल (दोन नोंदींमधली वेळ) एक सेकंदावर ठेवा, तिथल्या तिथे स्टार्ट करा, मेमरी भरली तर जुनं पुसून नवं लिहू द्या. नोंदी जितक्या जास्त, तितकं तापमान अचूक." तो पाळणाऱ्याचा अख्खा हंगाम हातचा जाऊ शकतो, म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू.

आधी मेमरी. समजा लॉगरमध्ये ३२,००० आकडे मावतात. दर वेळी तापमान आणि आर्द्रता असे दोन आकडे साठतात, म्हणजे हाती उरल्या १६,००० नोंदी. सेकंदाला एक या दराने त्या साडेचार तासांत संपतात. मिनिटाला एक ठेवली तर ११ दिवस, दहा मिनिटांना एक तर १११ दिवस, पंधरा मिनिटांना एक तर १६६ दिवस. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत चार ते पाच महिने जातात. तिथे दहा मिनिटंही अपुरी पडतात, पंधरा पुरतात.

मग 'जुनं पुसून नवं' काय करतं? छाटणीनंतरची कोवळी फूट, फुलोरा, डावणी या बुरशीजन्य रोगाची खरी भीती असलेले ते दिवस सर्वांत आधी पुसले जातात. 'भरली की थांब' निवडलं तर काढणीचे दिवस हुकतात. इंटरव्हल हंगामाच्या मापाचा ठेवला की या दोन्हींतलं एक निवडायची वेळच येत नाही.

'नोंदी जास्त म्हणजे अचूकता जास्त' हे तर साफ चूक. प्लास्टिकच्या डबीतल्या सेन्सरला स्थिर हवेत नवं तापमान गाठायला काही मिनिटं लागतात. दर सेकंदाला विचारलं तरी तो जवळजवळ तेच उत्तर पुन्हा पुन्हा देतो. डावणीच्या लागणीला पान काही तास ओलं राहावं लागतं. तिथे तासाला चार नोंदी भरपूर झाल्या. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटेचा नीचांक दोन नोंदींच्या मधे निसटेल, ही शंका मात्र रास्त आहे. त्यासाठी अनेक लॉगरांत वेगळी सोय असते: मोजणी दर मिनिटाला करायची, पण साठवायचे फक्त पंधरा मिनिटांतले सरासरी, किमान आणि कमाल आकडे. मोजणं वेगळं, साठवणं वेगळं. एकाऐवजी तीन आकडे साठत असल्याने मेमरी मात्र तिप्पट लागते, वरच्या उदाहरणातले १६६ दिवस ५५ वर येतात, ते हिशेबात धरावं. मोजणीमुळे बॅटरीही खर्च होते, पण सेकंदाच्या मानाने कितीतरी कमी.

सरासरीही डोळे झाकून लावू नये. वाऱ्याची दिशा एकदा ३५० अंश, एकदा १० अंश आली, तर साधी सरासरी १८० येते. वारा उत्तरेचा आणि नोंद दक्षिणेची! पान ओलं होतं का, याची सरासरी काढण्यापेक्षा किती मिनिटं ओलं होतं ते मोजावं. आणि पर्जन्यमापकातली, ठरावीक पाऊस साठला की उलटणारी वाटी उलटली की तेवढ्याच क्षणाची वेळ नोंदवावी, तिथे ठरावीक इंटरव्हलची गरजच नाही.

'तिथल्या तिथे स्टार्ट' केलं की एक लॉगर १०:०७ ला नोंद करतो, दुसरा १०:११ ला, आणि दोन प्लॉटांची तुलना करताना रडकुंडीला यायला होतं. शिवाय गाडीत तापलेल्या लॉगरच्या पहिल्या नोंदी खोट्या असतात. त्यापेक्षा स्टार्टची वेळ आधीच लावून ठेवावी, पुढच्या दिवशी सकाळी बरोबर ६ वाजता, सगळ्यांना एकच. घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना, हेही बघावं. ते जागतिक वेळेवर राहिलं तर साडेसहाचा नीचांक रात्री एक वाजता दिसतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असा मोजतात. ठोक्याला सुरू केलेल्या तासाच्या इंटरव्हलमध्ये साडेआठची सीमा येतच नाही, पंधरा आणि तीस मिनिटांत येते.

अचूकता हवीच असेल तर ती दुसरीकडे शोधावी. उन्हात टांगलेला सेन्सर सेकंदाला नोंद करूनही चुकीचंच सांगणार. त्याला हवा खेळती राहील असा पांढरा आडोसा लागतो. आणि सगळे लॉगर हंगामाआधी एकाच बंद खोक्यात रात्रभर शेजारी शेजारी ठेवावेत. ज्याचा आकडा इतरांपेक्षा एकसारखा अर्धा-पाऊण अंशाने वेगळा येतो, त्याच्या पाठीवर तो फरक पक्क्या शाईने लिहून ठेवावा.