नाना, डम्पिंग म्हणजे तुमचा उकिरडा नव्हे!

नानांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज असा: ओला-सुका कचरा वेगळा करायचं नाटक बंद करा. डम्पिंगवर जंतू सहा महिन्यांत सगळ्याची माती करतात, प्लॅस्टिकचीसुद्धा. ओला कचरा कॅरीबॅगमध्ये घट्ट बांधून द्या, आत लवकर कुजतो. निघणारा गॅस नैसर्गिकच असतो.

परवा भुसावळला आईकडे गेलो. भरताच्या वांग्याची सालं, कळण्याची शिळी भाकर, घड्याळाचा सेल, सगळं एकाच पिशवीत गाठ मारून! म्हणून हे लिहितोय.

आधी ती गाठ. नाना, रावेरला केळीच्या मळ्यात तुम्ही खोडं-पानं उकिरड्यावर टाकता, शेणकाला शिंपडता, पाणी मारता, ढीग खालीवर करता. कशासाठी? हवा आणि ओल मिळाली की जंतू झपाट्यानं कुजवतात, ढीग आतून वाफाळतो. गाठीतल्या पिशवीत प्राणवायू लवकरच संपतो. मग बिनहवेच्या जंतूंची पाळी. काही आंबवून आम्लं करतात, त्यातून पुढे दुसरे मिथेन करतात. हे काम रेंगाळत चालतं, आणि लाकडातल्या लिग्निन या चिवट घटकाला तर तिथं जवळपास कुणी हात लावत नाही. डम्पिंगवर असे थरावर थर दाबलेले. आपल्या उन्हाळ्यात वरची ओलही उडते.

सहा महिने म्हणे! अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम राथजे यांनी १९७३ साली कचऱ्याचा अभ्यास सुरू केला, पुढे कचराभूमीच खणल्या. कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं सरळ वाचता येत होती. कचऱ्याचा थर कुठल्या सालचा, हे त्यांच्यावरच्या तारखेवरून कळायचं. कागदाची ही गत, तर दुधाच्या पिशवीचं काय बोलायचं?

प्लॅस्टिक खाणारा जंतू आहे, तेवढं कबूल. जपानी शास्त्रज्ञांनी २०१६ साली जाहीर केला, इडिओनेला साकाएन्सिस. पण तो खातो पाण्याच्या बाटलीच्या जातीचं पीईटी, तेही पातळ फिल्म, ३० अंशांवर, सहा आठवड्यांत, हवा असताना. कॅरीबॅग पॉलिथिनची. ती त्याच्या ताटातलीच नाही. सेल तर कुठलाच जंतू खात नाही.

गॅस नैसर्गिक, हो. सापाचं विषही नैसर्गिकच. डम्पिंगच्या या गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवणारा, आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीनं पेटणारा.

आईकडे पुन्हा दोन डबे ठेवून आलोय. नाना, ग्रुपवर तेवढं 'चुकलं' म्हणून लिहा. माझं ती ऐकत नाही, धाकट्या दिराचं ऐकते.