पुरावा मागावा, पण मिळू देऊ नये

ख्रिस्ती माणसाकडे देवाचा पुरावा मागणे सोपे वाटते, पण त्याला पूर्वतयारी लागते. बेसावधपणे मागितला तर समोरचा कधी कधी खरेच काहीतरी पुढे ठेवतो. मग ते वाचावे लागते आणि चांगली संध्याकाळ हातची जाते. ते टळावे म्हणून हे मार्गदर्शन.

कोणत्या जातीचा पुरावा हवा आहे, हे आधी कधीही सांगू नका. गणिताची सिद्धता वेगळी, न्यायालयातली साक्ष वेगळी, प्रयोगशाळेतला प्रयोग वेगळा, इतिहासाची कागदपत्रे वेगळी. ही चारही दारे उघडी असू द्या. त्याने तर्क मांडला की प्रयोग मागा, साक्षीदार आणले की सिद्धता मागा. तो बहुधा बायबलमधले प्रेषित पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र काढेल. पुनरुत्थित ख्रिस्त पाचशेहून अधिक लोकांना एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे पंधराव्या अध्यायात आहे. पत्र इ.स. ५५ च्या सुमाराचे, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांचे. त्या पाचशेंपैकी एकाची तरी स्वतंत्र जबानी कुठे आहे, असे इथे विचारता येते. प्रश्न चांगला आहे, म्हणूनच तिथे रेंगाळू नका. चांगल्या प्रश्नापाशी थांबले की चर्चा सुरू होते.

प्रतिपक्षी निवडताना घाई नको. 'प्रार्थना केली आणि हरवलेली किल्ली सापडली' असे सांगणारा भाविक उत्तम. त्याला 'सगळ्याला कारण असते ना, मग देवाला कोणी बनवले?' असे विचारा, तो गडबडतो. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस वाचलेल्या माणसाला मात्र हे विचारू नये. तो शांतपणे सांगेल की अक्वायनसने तेराव्या शतकात देव सिद्ध करायला मांडलेल्या पाच मार्गांत 'सगळ्याला कारण असते' असे विधानच नाही. जे बदलते, जे असू शकते आणि नसूही शकते, त्याला कारण लागते, एवढेच तिथे म्हटले आहे. वर तो हेही ऐकवेल की विश्वाला सुरुवात होती हे निव्वळ तर्काने सिद्ध होत नाही, असे खुद्द अक्वायनसचेच मत होते. अशा माणसाला चहा पाजावा आणि विषय बदलावा.

शंका ही आपली खासगी मालमत्ता आहे, असा आव कायम ठेवा. ह्यात सगळ्यात मोठी अडचण चर्चच करते. अकराव्या शतकात अँसेल्म ह्या ख्रिस्ती धर्मपंडिताने निव्वळ व्याख्येतून देव सिद्ध करून दाखवला, तेव्हा 'ह्याच न्यायाने परिपूर्ण बेटही सिद्ध होईल' असा बिनतोड टोला हाणणारा गौनिलो हा कोणी नास्तिक नव्हता, मठातला संन्यासी होता. येशूचे म्हणून पूजल्या जाणाऱ्या तुरिनच्या कफनाचेही तसेच. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिच आणि ॲरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांनी कार्बन-१४ चाचणी करून ते कापड १२६० ते १३९० ह्या काळातले ठरवले. हे जरूर सांगा. पण १३८९ मध्येच एका फ्रेंच बिशपाने पोपसाठी लिहिलेल्या निवेदनात 'हे रंगवलेले आहे, आमच्या आधीच्या बिशपांनी चित्रकारही शोधून काढला होता' असे म्हटले होते, ते गाळा. नाहीतर विज्ञान सहाशे वर्षे उशिरा पोचले असे दिसेल. भाविकांचीही फार काळजी नको, त्यांतल्या बहुतेकांना तो बिशप ठाऊकच नसतो.

लूर्द ह्या फ्रान्समधल्या तीर्थस्थानाचे प्रकरण जास्त जपून हाताळावे. १८५८ पासून तिथे येणाऱ्यांपैकी बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी आहेत. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या सत्तरच्या आसपास. १८८३ पासून तिथे वैद्यकीय कार्यालय आहे आणि कोणत्याही धर्माच्या वा निधर्मी डॉक्टरला कागदपत्रे तपासता येतात. निकष अठराव्या शतकात लांबेर्तिनी यांनी घालून दिलेले: आजार गंभीर हवा, तो आपोआप ओसरण्याच्या टप्प्यावर नसावा, बरे होण्याचे श्रेय औषधाला जाता कामा नये, बरे होणे अचानक आणि पूर्ण हवे, आजार उलटता कामा नये. हे लांबेर्तिनी आधी संतपदाच्या दाव्यांत खोट काढायच्या पदावर होते, ज्याला लोक 'सैतानाचा वकील' म्हणत. पुढे ते पोप झाले. एका रुग्णाचे २००८ मधले बरे होणे मान्य व्हायला २०१८ उजाडले. आता ह्याचा वापर असा करा: एका वाक्यात म्हणा, 'हजारो दाव्यांतून जेमतेम सत्तर, म्हणजे बाकी सगळे थोतांड!' पुढच्या वाक्यात म्हणा, 'ही मंडळी कशालाही चमत्कार म्हणतात.' दोन्ही वाक्यांत पाच मिनिटांचे अंतर ठेवले तर कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रयोगच हवा असेल तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रार्थनेचा अभ्यास हाताशी ठेवा. अमेरिकेतली सहा रुग्णालये, बायपासचे १,८०२ रुग्ण, तीन गट. ख्रिस्ती प्रार्थनागटांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर दिले होते. प्रार्थना चौदा दिवस. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना खात्री नव्हती, त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के. ज्यांच्यासाठी झाली नाही आणि ज्यांना तेही ठाऊक नव्हते, त्यांच्यात ५१ टक्के. 'तुमच्यासाठी प्रार्थना होते आहे' असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ५९. हा शेवटचा आकडा मोठ्याने म्हणावा. आता बिघाड कुठे होतो ते पाहा. दुसऱ्या गटातल्या रुग्णांच्या आया, बायका आणि शेजारी प्रार्थना करत नव्हते, ह्याची हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय प्रार्थनेला गोळीसारखा डोस असतो आणि देव ती मोजून परिणाम देतो, हे गृहीत धरावे लागते. असे काही कोणत्याच चर्चच्या श्रद्धासूत्रात नाही. भाविक हे बोलला तर 'पळवाट!' म्हणा. त्याने ते निकाल लागल्यावरच बोलायला सुरुवात केली असेल तर आरोप बराचसा खराही असतो.

बायबल शक्यतो उघडू नका. 'विश्वास म्हणजे पुरावा न मागणे' हे तुमचे आवडते वाक्य तिथे अडचणीत येते. शास्त्यांच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात गिदोन देवाकडे खूण मागून खळ्यात लोकर ठेवतो: लोकर भिजावी आणि जमीन कोरडी राहावी. सकाळी तो ती पिळून वाटीभर पाणी काढतो. तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही, कारण लोकर दव शोषते हे त्यालाही कळते. दुसऱ्या रात्री तो अट उलटी करतो: जमीन भिजावी, लोकर कोरडी. प्रयोगाची मांडणी म्हणून ह्यात नावे ठेवायला फार जागा नाही, आणि त्याला कोणी रागावतही नाही. येशूचा शिष्य थोमा पुनरुत्थित येशूच्या जखमांत बोट घालायला मागतो आणि त्याला बोलावणे येते. 'परमेश्वराची परीक्षा पाहू नको' हेही त्याच ग्रंथात आहे. तेवढेच उद्धृत करा, गिदोन भाविकाला आठवेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असाल.

सगळ्यात धोक्याचा प्रश्न समोरून येतो: 'नेमके काय घडले तर तुम्ही मानाल?' उत्तर भव्य द्या. ताऱ्यांनी आकाशात अक्षरे उमटवावीत, तुटलेला पाय सर्वांसमक्ष परत यावा. ते घडलेच, तर सामूहिक भ्रम, अजून न कळलेला निसर्गनियम आणि परग्रहावरची प्रगत जमात, ही तीन स्पष्टीकरणे ह्याच क्रमाने तयार असावीत. समोरचा मुरलेला असेल तर लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातला अब्राहाम पुढे करेल: जे मोशे आणि संदेष्ट्यांचे ऐकत नाहीत, त्यांची मेलेल्यांतून कोणी उठून आले तरी खात्री पटणार नाही. तेव्हा गांगरू नका. 'म्हणजे पुरावा न देण्याची सोय तुम्ही दोन हजार वर्षांपूर्वीच करून ठेवलीत,' असे म्हणा आणि तो उत्तर जुळवत असतानाच उठा.