शास्त्रशुद्ध विसराळूपणा

पूर्वी आमचे हे नुसते विसरायचे. ‘अहो, विजेचं बिल भरलंत का?’ म्हटलं की ‘अरेच्चा!’ म्हणायचे, चेहरा पाडायचे आणि विषय मिटायचा. मग कुठूनसं मानसशास्त्राचं एक पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि घरातला ‘अरेच्चा’ संपला. आता व्याख्यान असतं.

आधी एबिंगहाउस आला. हा जर्मन गृहस्थ निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करायचा आणि त्यातलं किती विसरलो हेही स्वतःच मोजायचा. १८८५ साली त्यानं ते सगळं छापलं. त्याच्या हिशेबानं पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच उडून जातं. पुढची गळती मात्र सावकाश होते. तेव्हा सकाळी नऊला सांगितलेलं काम दहाला डोक्यात नसणं हा निसर्गनियम आहे, असं ह्यांचं म्हणणं. मी विचारलं, ‘तो निरर्थक अक्षरं पाठ करत होता. मी बोलते ते निरर्थक असतं का?’ त्यावर हे बराच वेळ गप्प होते. खरं उत्तर देण्याइतके काही ते विसराळू नाहीत.

नंतर दारावर आळ आला. हे आतल्या खोलीत स्क्रूड्रायव्हर आणायला जातात आणि वर्तमानपत्र घेऊन येतात. म्हणे, २०११ साली रॅडव्हान्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय, की तेवढंच अंतर एकाच खोलीत चालण्यापेक्षा दार ओलांडून चाललं तर माणूस जास्त विसरतो. उंबऱ्यापाशी मेंदू एक प्रसंग मिटतो आणि दुसरा उघडतो. आधीच्या खोलीत परत गेलं की आठवेल म्हणावं, तर त्या प्रयोगात त्याचाही उपयोग झाला नाही. हे वाचल्यापासून ह्यांनी परत जाणंच सोडलंय. स्क्रूड्रायव्हर मी आणते. दार मलाही तेच लागतं.

मग मीही ते पुस्तक चाळलं. ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ साली लिहून ठेवलंय, की अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. ‘मग न भरलेलं बिल रात्रंदिवस आठवायला हवं की हो तुम्हाला!’ तर म्हणाले, ‘अगं, पुढच्या प्रयोगांत तो निष्कर्ष सगळ्यांना मिळाला नाही.’ ते खरंच आहे. पण शंका घ्यायला ह्यांना नेमका तोच प्रयोग सापडावा?

फ्रॉइडचं प्रकरण ह्यांनी सरळ उलटून टाकलं होतं. का, ते वाचल्यावर कळलं. त्याला एकदा सिन्योरेल्ली या चित्रकाराचं नाव आठवेना, भलतीच दोन नावं पुढे येत राहिली. तर या पठ्ठ्यानं त्यावर अख्खा लेख लिहिला. विसरणं हा अपघात नसतो, आत नको असलेलं काहीतरी दडलेलं असतं, हे त्याचं मत. आणि १९०१ च्या पुस्तकात तर तो म्हणतो, की ठरवलेलं करायला विसरलो ही सबब दोन ठिकाणी सामान्य माणूससुद्धा मानत नाही : एक प्रेमात आणि दुसरी लष्करी शिस्तीत.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

‘फ्रॉइडचं बरंचसं आता कुणी मानत नाही,’ हे म्हणाले.

‘इथे मानतात. दोन्ही नियम लागू आहेत,’ मी म्हटलं.

तेव्हापासून हे फोनवर गजर लावतात. पण भविष्यात करायच्या कामाच्या आठवणीला दोन अंगं असतात म्हणे : काहीतरी करायचंय हे, आणि काय करायचंय ते. गजर पहिल्यापुरताच. तो वाजतो, हे तो बंद करतात आणि मला विचारतात, ‘हा कशाचा होता गं?’

मला माहीत असतं. ‘विसरले,’ म्हणते. फ्रॉइडला काय म्हणायचं ते म्हणो.