‘सगळं चालतं’ म्हणणाऱ्यांना

मागच्या लेखात जुने गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टम ठेवावी हे लिहिलं होतं. सांगणं साधं होतं: २००० ते २००६ च्या सुमाराच्या गेमच्या सीडी घरात पडून असतील आणि माळ्यावर एखादा जुना डेस्कटॉप असेल, तर त्यावर ३२-बिट विंडोज एक्सपी टाका, इंटरनेटची वायर काढा आणि निवांत खेळा. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो:

“आजच्या काळात एक्सपी सुचवणं म्हणजे वाचकांना खड्ड्यात घालणं. लिनक्स टाका, वाइन टाका, सगळं चालतं. लेखकाला आठवणींची उबळ आलेली दिसते, अभ्यास कुठेच दिसत नाही. डॉसबॉक्सला धड जागा नाही, सुरक्षिततेचा विचार नाही आणि व्हर्च्युअल मशीन नावाचा प्रकार त्यांनी ऐकलेला नसावा.”

खाली नाव नाही. नाव न देता लिहायला माझी हरकत नाही, पण मग ‘अभ्यास’ काढताना जरा जपून काढावा. मी गेली कित्येक वर्षं इथे स्वतःच्या नावाने लिहितोय. माझं चुकलं तर लोक मला रस्त्यात गाठून सांगतात. तुम्हाला ती भीती नाही, म्हणून ‘उबळ’ वगैरे शब्द सहज सुचत असावेत. मतभेद असायला काहीच हरकत नाही हो, पण पाच ओळींच्या प्रतिक्रियेत मुद्दा दोन ओळींचा आणि बाकीचे टोमणे, हे प्रमाण काही बरं नाही.

एक मान्य करतो. डॉसबॉक्सला (विंडोजच्या आधीच्या डॉसचे गेम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) मी एकच ओळ दिली, तिथे आणखी दोन चालल्या असत्या. पण ती एकच का दिली तेही ऐका. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ किंवा ‘डेव्ह’ खेळायचा असेल तर डॉसबॉक्स विंडोजवर चालतो, लिनक्सवर चालतो, मॅकवरही चालतो. गेम फार पळायला लागला तर कंट्रोल-एफ११ दाबून आवरायचा, रेंगाळला तर कंट्रोल-एफ१२. म्हणजे डॉसच्या गेमसाठी ऑपरेटिंग सिस्टम निवडण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि लेख त्या निवडीवरच होता. असो, दोन ओळी तुमच्या.

आता तुमचं ते लाडकं वाक्य. लिनक्स टाका, वाइन टाका, सगळं चालतं.

सगळं? वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, ज्यांनी बनवलं तेही असा दावा करत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कोणता प्रोग्रॅम कितपत चालतो याची यादी आहे. त्यात प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा श्रेणी आहेत आणि सगळ्यात खाली एक श्रेणी आहे, तिचं नाव ‘गार्बेज’, म्हणजे कचरा. हे नाव मी ठेवलेलं नाही. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये वाइनवरच बेतलेलं प्रोटॉन आणलं, त्यावर गेम कसे चालतात याची लोकांनी चालवलेली वेगळी यादी आहे, आणि तिथेही तळाला ‘बोर्क्ड’, म्हणजे मोडलेलं, आहे. सगळं चालत असतं तर या तळाच्या श्रेणी काय शोभेला ठेवल्या आहेत?

त्यात प्रोटॉनचा भर स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन दुकानातून, विकत घेतलेल्या गेमवर. माझा लेख होता घरात पडलेल्या सीडीवर, आणि सीडीची दुखणी वेगळी असतात. सेफडिस्क नावाचं एक कुलूप त्या काळात पुष्कळ गेमना लावलेलं असायचं. डिस्क अस्सल आहे की नाही हे तपासायला ते थेट विंडोजच्या गाभ्यात बसणारा एक ड्रायव्हर वापरायचं. २०१५ मध्ये विंडोज १० आली ती त्या ड्रायव्हरला दार बंद करूनच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका सुरक्षा अपडेटने विंडोज व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद पाडला, कारण त्यातून मशीनवर ताबा मिळवता येत होता. निर्णय योग्यच होता, पण परिणाम असा की पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी ड्राइव्हमध्ये गरगर फिरते आणि गेम काही सुरू होत नाही. एक्सपीचा सपोर्ट त्याआधीच, ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, त्यामुळे हे अपडेट तिच्या वाट्याला आलंच नाही. तिथे तीच सीडी आजही चालते. वाइनवर अशा कुलपांच्या काही आवृत्त्या उघडतात, काही उघडत नाहीत. तुमच्या सीडीवर नेमकी कोणती आवृत्ती आहे हे शोधण्यात एक रविवार जातो. (आपल्याकडच्या बहुतेक सीड्यांवर मार्करने नाव लिहिलेलं असायचं आणि कुलूप आधीच कोणीतरी तोडलेलं असायचं, ही गोष्ट वेगळी. त्या खोलात मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका.)

तुमच्या बाजूने बोलण्यासारखा मुद्दा होता, तो तुम्ही मांडलाच नाहीत. १९९६-९७ च्या कितीतरी गेमचा गेम ३२-बिट, पण इन्स्टॉलर १६-बिट, म्हणजे त्याहून जुन्या घडणीचा, असायचा. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅमला उभं करत नाही, त्यामुळे सेटअपवर डबल-क्लिक केलं की तिथेच गाडी अडते. वाइन मात्र ६४-बिट लिनक्सवरही असे प्रोग्रॅम चालवू शकतं. हे तुम्ही लिहिलं असतंत तर मी मुकाट्याने मान डोलावली असती. तुम्ही लिहिलंत ‘उबळ’.

‘एक्सपीच कशाला, विंडोज ७ का नको’ असं दुसऱ्या एकाने नम्रपणे विचारलं होतं, त्यांनाही इथेच सांगतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा १९९९ चा गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर, म्हणजे ठरावीक रंगांच्या संचावर, चालतो. विंडोज ७ वर तो सुरू करा. गवताचे पट्टे लाल दिसायला लागतात, पाणी जांभळं होतं, आणि मेंढ्या नेमक्या कुठे चरतायत ते कळेनासं होतं. कारण मागे एक्सप्लोरर (डेस्कटॉप दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालू असतो आणि तो गेमच्या पॅलेटमध्ये हात घालतो. उपाय आहे: टास्क मॅनेजर उघडायचा, एक्सप्लोरर मारायचा, डेस्कटॉप गायब झाला तरी घाबरायचं नाही, तिथूनच गेम सुरू करायचा आणि खेळून झाल्यावर एक्सप्लोरर पुन्हा जिवंत करायचा. मी हे केलंय. माझ्या आठवीतल्या भाच्याला रोज हे करायला सांगणार नाही. व्हिस्टापासून आवाजाचंही तेच झालं. डायरेक्टसाउंडचं (गेमचा आवाज हाताळणाऱ्या विंडोजच्या भागाचं) काम साउंड कार्डाकडून काढून घेतलं, त्यामुळे साउंड कार्डाच्या ईएएक्स या तंत्रावर बेतलेल्या गेममधला मागून येणारा पावलांचा आवाज सपाट झाला. एक्सपीवर यातलं काहीच करावं लागत नाही.

आणि लॅनवर, म्हणजे जवळजवळची मशीन वायरने जोडून, खेळायचं असेल तर आणखी गंमत. १९९६ चा ‘रेड अलर्ट’ लॅनवर आयपीएक्स हा एकच प्रोटोकॉल (मशीनची आपसात बोलायची पद्धत) ओळखतो. ३२-बिट एक्सपीत तो नेटवर्कच्या सेटिंगमधून टाकता येतो. व्हिस्टाने तो काढला. आणि तुमच्या लिनक्सनेही २०१८ मध्ये तो कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून, काढून टाकला. रॅपर (जुन्या गेमला नव्या नेटवर्कशी जुळवून देणारे छोटे प्रोग्रॅम) मिळतात, माहीत आहेत. पण ‘टाका, टाका, सगळं चालतं’ यात रॅपर कुठे होतं?

अभ्यास कुठे दिसत नाही म्हणता. डिप्लोमाला असताना मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेत संध्याकाळी काउंटरवर बसायचो. विंडोज ९८ होती, मशीनला १२८ एमबी रॅम. पोरं ‘एज ऑफ एम्पायर्स’ लॅनवर लावायची आणि ऐन लढाईत एखादं मशीन निळं पडायचं. तासाचे पैसे परत मागायला माझ्याकडेच यायची. पुढे एक्सपी आली तेव्हा तिथली सगळी मशीन मी स्वतः फॉरमॅट केली. ‘आयजीआय’मध्ये मिशनच्या मधे सेव्ह करता येत नाही, हे गेमचं कुलूप नसून गेम तसाच बनवलाय, हे किती जणांना समजावलं असेल याची गणती नाही. ही तुमच्या हिशेबी उबळ असेल. मी त्याला काम म्हणतो, त्याचे मला पगार मिळायचे.

लिनक्सशी माझं वैर आहे असंही समजू नका. हा मजकूर मी लिनक्सवरच टाइप करतोय. पण ज्या माणसाला शनिवारी रात्री दोन तास ‘व्हाइस सिटी’ खेळायचाय, त्याला मी वाइनच्या प्रिफिक्स आणि डीएलएल ओव्हरराइडसारख्या किचकट सेटिंग शिकवत बसणार नाही. त्याला गेम खेळायचाय, परीक्षा द्यायची नाही. तुम्हाला परीक्षेची हौस असेल तर खुशाल द्या.

सुरक्षिततेबद्दल: वायर काढा, हे लेखात ठळक अक्षरात लिहिलंय. वाचलं नसेल तर माझा नाइलाज आहे. पेनड्राइव्हचं म्हणाल तर तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासून लावावा, एवढं शहाणपण माझ्या वाचकांना आहे.

व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) ऐकलंय. थ्रीडी गेम तिथे अडखळतात, म्हणून लिहिलं नाही. पुढे.

एका वाचकाने मात्र कामाचा प्रश्न विचारलाय, आणि तो या सगळ्या वादात बुडू नये. एक्सपीची सीडी टाकली, निळ्या पडद्यावर फाइली भरून झाल्या आणि लगेच दुसरा निळा पडदा आला, ज्यावरच्या आकड्याच्या शेवटी ७बी आहे. म्हणजे सेटअपला तुमची हार्ड डिस्कच दिसत नाहीये, कारण एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर नसतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, करा आणि सेटअप पुन्हा सुरू करा. बायोसमध्ये तो पर्यायच नसेल तर मशीन बरंच नवं आहे. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून, त्यांच्या अंगभूत ग्राफिक्सला एक्सपीचे ड्रायव्हर नाहीत. त्यापेक्षा जुनं मशीन बघा.

आणि अनामिक महोदय (किंवा महोदया), पुन्हा लिहिणार असाल तर गेमचं नाव, डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) आणि वाइनचा आवृत्ती-क्रमांक एवढं द्या. मी स्वतः लावून बघेन आणि चाललं तर तसं इथेच छापेन. नुसतं ‘सगळं चालतं’ आलं तर ती प्रतिक्रिया मंजूर होणार नाही.