तापात धावल्याने ताप उतरत नाही

‘अंगात ताप असला तर जोरात धावा, घामावाटे ताप निघून जातो’ असा मेसेज पणजी-फोंड्याकडच्या व्यायामाच्या ग्रुपांवर फिरतोय. हे खरं नाही. कृपया पुढे पाठवू नका.

तापमान १ अंश सेल्सिअस चढलं की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण १० ने वाढतात. त्यात धावलात तर अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, आणि विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर जिवावर बेतू शकतं. ताप उतरताना घाम येतो, घाम काढल्याने ताप उतरत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, म्हणून जास्त काळजी वाटते. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच धोक्याचे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मिरामारच्या वाळूत धावायला जाऊ नका. पोटात सारखं दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर तडक इस्पितळ गाठा.

नुसतं नाक गळतंय, ताप नाही? मग सावकाश चालायला हरकत नाही. साध्या तापानंतर गोळी न घेता पूर्ण दिवस ताप आला नाही आणि पेजेवरून नेहमीच्या जेवणावर आलात, की चालण्यापासून सुरुवात करा. बुडालेला व्यायाम एका दिवसात भरून काढू नका. छातीत दुखलं किंवा धडधडलं तर तिथेच थांबा, डॉक्टरांना दाखवा.