लांब कुणी व्हायचं?

सकाळपासून डोकं फिरलंय. आता रात्रीचे अकरा वाजलेत, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून बसलेय.

झालं असं की एका कामासाठी रांगेत उभी होते. बंदिस्त जिना, एक छोटी खिडकी तीही पार वर, भिंतीवर 'धूम्रपान करू नये'ची पाटी, आणि माझ्या पुढच्या माणसाने बरोब्बर त्या पाटीखाली सिगारेट पेटवली. दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हटलं, अहो जरा बाहेर जाऊन ओढता का, तुमचा नंबर मी धरते. आवाजसुद्धा चढवला नव्हता. तर वळून म्हणतो, "मॅडम, माझी सिगारेट, माझी फुप्फुसं. त्रास होत असेल तर तुम्ही लांब उभ्या राहा ना." मागे आठ-दहा माणसं होती, एकाने तोंड उघडलं नाही. उलट एक काकू मलाच म्हणाल्या, "जाऊ दे गं, कशाला सकाळी सकाळी."

त्याने ती शेवटपर्यंत ओढली. थोटूक पायरीवर चिरडलं आणि पुढे सरकला.

घरी येऊन फोन उघडला तर एका जुन्या मित्राची भलीमोठी पोस्ट. विषय प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी. काल सिगारेट, आज पिशवी, उद्या ताटात काय वाढायचं तेही हेच ठरवणार, आम्हाला स्वतःची अक्कल आहे की नाही वगैरे वगैरे. खाली लाइक करणाऱ्यांत निम्मे तुम्हीच आहात, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही सगळे चांगली माणसं आहात, तुमच्यातलं कुणी मुद्दाम दुसऱ्याच्या तोंडावर धूर सोडणार नाही हे मला माहीत आहे. पण त्या पोस्टमध्ये स्वातंत्र्य हा शब्द सात वेळा आलाय (मोजलं मी) आणि एकदाही कुणी विचारलं नाही की कुणाचं.

"लांब उभ्या राहा." हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये. कारण मला लांब जाता आलं असतं, फार तर नंबर गेला असता. माझ्या आईला कुठे जाता येत होतं?

आईचं टेबल ऑफिसात दोन सीनियर लोकांच्या मध्ये होतं. डावीकडचे ओढायचे, उजवीकडचेही ओढायचे आणि ॲशट्रे मात्र एकच, जाड काचेचा, दोघांचाही हात पोचावा म्हणून आईच्या टेबलावर ठेवलेला. रोज सकाळी आई सगळ्यात आधी पोचायची, तो विसळायची, पुसायची आणि परत जागेवर ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण नाही केलं तर राख तिच्याच कागदांवर उडायची. संध्याकाळी घरी आली की आधी वेणी सोडून केस झटकायची. तरी उशीला वास यायचाच. मी लहान होते, मला कितीतरी वर्षं तो आईचाच वास वाटायचा.

एकदाही ती त्या दोघांना काही बोलली नाही. कशी बोलणार? तिची रजा त्यातल्या एकाच्या सहीने मंजूर व्हायची. नोकरी कायम व्हायची होती. आणि आता कुणी मला म्हणेल की मोकळेपणाने बोलून प्रश्न सुटतात, कायदे कशाला हवेत, तर त्यांनी एकदा त्या खुर्चीत बसून बोलून दाखवावं.

१९८१ साली जपानमधला एक मोठा अभ्यास आला होता. स्वतः कधीही न ओढणाऱ्या एक्क्याण्णव हजारांवर बायकांची चौदा वर्षं नोंद ठेवली होती त्यात, आणि नवरा जितका जास्त ओढणारा तितका बायकोला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त असं दिसलं. आई त्या टेबलावर बसायला लागली त्याच्याही आधीची गोष्ट ही. म्हणजे माहीत होतं. जगाला माहीत होतं, फक्त त्या ऑफिसात कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. आजही दुसऱ्याच्या धुराने दर वर्षी दहा लाखांहून जास्त माणसं मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओढणाऱ्यांचा आकडा वेगळा. ही न ओढणारी माणसं. ह्यांनी कधी कुठला चॉइस केला होता?

विमानात पूर्वी सिगारेट चालायची हे आता पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मागच्या काही रांगा ओढणाऱ्यांसाठी, पुढच्या न ओढणाऱ्यांसाठी, आणि हवा सगळ्यांना तीच. अमेरिकेत ते बंद झालं तेही एका झटक्यात नाही, १९८८ ला दोन तासांपर्यंतच्या फ्लाइटमध्ये, १९९० ला देशातल्या जवळजवळ सगळ्या फ्लाइटमध्ये. आणि त्यासाठी सगळ्यात जास्त कोण भांडलं तर एअर होस्टेस. प्रवासी चार तासांनी उतरून घरी जातो, त्यांना परत पुढच्या विमानात चढायचं असतं.

आयर्लंडने २९ मार्च २००४ ला पबमध्येसुद्धा सिगारेट बंद केली, संपूर्ण देशात असं करणारा तो पहिला देश. तेव्हाही हीच बोंबाबोंब होती, धंदा बसेल, संस्कृती बुडेल, माणसाने बसायचं कुठे. पण तो कायदा पिणाऱ्यांना शहाणं करायला आणलाच नव्हता. तो होता काउंटरच्या मागे आठ-आठ तास उभं राहून ग्लास भरणाऱ्यांसाठी, कारण पब हे त्यांचं ऑफिस आहे. हे जेव्हा पहिल्यांदा वाचलं ना तेव्हा खरं सांगते, मला आईचं टेबल दिसलं.

आता पिशवी. मित्र म्हणतो सिगारेटचं एक वेळ समजू शकतो, पिशवी कुणाच्या नाकात जाते? नाही जात. मान्य. पण जाते कुठेतरी. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं होतं, एक माणूस कमरेपर्यंत आत उतरून हाताने पिशव्या उपसत होता आणि मी वरून बघत होते. एक पिशवी निघाली तिची गाठ तशीच होती. कुणीतरी कचरा भरून नीट, घट्ट, दोनदा मारलेली गाठ. आतलं सगळं कुजून काळं पाणी झालेलं पण गाठ सुटली नव्हती. त्याने ती बाजूला टाकली, पुढची ओढली. ज्याने ती गाठ मारली त्याच्यासाठी पिशवीचा विषय दारातच संपला होता, आणि ह्या माणसाला कुणी विचारलं का की तुला त्रास होत असेल तर तू लांब उभा राहतोस का?

बांगलादेशाने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, जगात पहिल्यांदा, ती काही हौस म्हणून नाही. १९८८ आणि १९९८ च्या पुरांत पाणी उतरेना, कारण गटारं आणि नाले पॉलिथिनने गच्च झालेले. घरात पाणी शिरतं तेव्हा ते तुमची पिशवी होती की शेजाऱ्याची हे बघून शिरत नाही.

हो, मला माहीत आहे तिथेही पिशव्या परत आल्या, २०२४ मध्ये तिथल्या सरकारला तीच बंदी पुन्हा जाहीर करावी लागली. बंदी नुसती कागदावर असेल तर ती नसल्यासारखीच, हे तुमचं बरोबर आहे.

आणि कॅलिफोर्नियाचं उदाहरण मित्राने दिलंय तेही खरं आहे. तिथे पातळ पिशव्या बंद केल्या आणि जाड प्लास्टिकच्या 'पुन्हा वापरण्याच्या' पिशव्या चालू ठेवल्या. लोकांनी त्या जाड पिशव्याही एकदाच वापरून फेकल्या, उलट कचऱ्याचं वजन वाढलं. शेवटी २०२४ मध्ये नवा कायदा करून ती पळवाट बुजवावी लागली. पण यावरून बंदी चुकीची कशी ठरते? कायद्यात भोक ठेवलं होतं ते चुकीचं. ते भोक कुणाच्या सोयीसाठी होतं हे विचारा ना. ते कुणी विचारत नाही, सगळे दुकानात पिशवी मागून नाही मिळाली म्हणून चिडलेत.

इथे मला खरंच राग येतो. दंडाची पावती फाटते ती हातात पिशवी घेऊन चाललेल्या माणसाची, नाहीतर हातगाडीवाल्याची. कारखान्याच्या दारात कोण जातं? केनियाने २०१७ मध्ये बनवणाऱ्यालाही कायद्यात घेतलं, चार वर्षांपर्यंत तुरुंगवास. मला ती शिक्षा जास्त वाटते, पण निदान बोट योग्य दिशेला तरी आहे. तुम्हाला बंदीवर चिडायचंच असेल तर ह्यावर चिडा, मी तुमच्याबरोबर येते.

आणि ह्या पिशवीची मूळ गोष्ट ऐकली की मला वाईट वाटतं. १९६५ च्या सुमाराला स्वीडनमधल्या एका इंजिनियरने ती बनवली, स्टेन गुस्ताफ थुलिन. त्याचा मुलगा सांगतो की वडिलांना वाटायचं कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडतात ती वाचतील, ही पिशवी टिकाऊ आहे, माणसं पुन्हा पुन्हा वापरतील. तो स्वतः एक घडी करून खिशात ठेवायचा. ती एकदा वापरून फेकायची असते हे आपण ठरवलं. त्यामुळे प्लास्टिक म्हणजे राक्षस असं मी म्हणतच नाहीये. आणि कापडी पिशवीसुद्धा चार दिवसांत टाकून नवी आणली तर काही उपकार होत नाहीत, कापूस पिकवायला पाणी लागतंच.

बरं, बंदीलाही हद्द हवी, हे मी मानते. भूतानने २००४ मध्ये तंबाखूची विक्रीच बंद केली, मग २०१० मध्ये इतका कडक कायदा केला की पुढच्याच वर्षी एका भिक्खूला तंबाखूसाठी तीन वर्षांची शिक्षा सुनावली. खायची तंबाखू हो, जिचा धूरसुद्धा होत नाही. हे मला अजिबात पटत नाही. चोरटा व्यापार व्हायचा तो झालाच, आणि २०२१ ला विक्री परत सुरू करावी लागली. माणसाच्या खिशातल्या पुडीपर्यंत, त्याच्या घराच्या बंद दारापर्यंत कायद्याने जाऊ नये. तुझ्या गच्चीवर एकटा बसून ओढ ना बाबा, मी कोण सांगणारी? काळजी वाटते म्हणून म्हणेन कमी कर, पण पोलीस नाही पाठवणार.

जिन्यात मात्र नाही. आईच्या टेबलावर नाही.

आईला पन्नाशीतच जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती वर्षं ओढताय?" मी शेजारी बसले होते. आईने मान खाली घातली, जणू खरंच तिचं काही चुकलंय. म्हणाली, "मी नाही हो, ऑफिसात." एवढंच. त्या खोलीतून बाहेर येईपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला आजही कुणी 'माझी फुप्फुसं' म्हटलं की तिची ती खाली गेलेली मान दिसते.

त्यानंतर वर्षभरात कायदा आला आणि ऑफिसात पाटी लागली. आई कुणाशी भांडली नाही, अर्ज नाही, तक्रार नाही. एक दिवस घरी आली आणि केस झटकले नाहीत. मीच विचारलं तर हसली.

आता हे लिहिताना राग जरा निवलाय, म्हणून हेही सांगते. डावीकडचे जे होते ना, त्यांनीच पाटी लागली त्या आठवड्यात ॲशट्रे उचलून आईच्या हातात दिला. म्हणाले, घेऊन जा घरी, आता तुमचं टेबल मोकळं झालं. आणि मग म्हणाले, "तुम्हाला त्रास होत होता तर आधी सांगायचं ना हो, मी बाहेर गेलो असतो." मनापासून म्हणाले. चांगला माणूस होता तो, माझ्या दहावीला पेन दिलं होतं त्यांनी. खरंच गेले असते बाहेर. पण इतक्या वर्षांत त्यांना ते दिसलं नाही आणि आईला ते सांगता आलं नाही. दोघांच्या मध्ये ती पाटी आली तेव्हा कुठे ते बोलणं झालं.

तो ॲशट्रे अजून आमच्याकडे आहे. आई त्यात सेफ्टी पिना ठेवते.

मघाशी फोन केला होता तिला. जिन्यातलं सगळं सांगितलं. तिने पहिलं विचारलं, "तू बोललीस त्याला?" म्हटलं हो. "मग?" मग काही नाही, ओढत राहिला. थोडा वेळ ती गप्प होती. नंतर म्हणाली, "पण बोललीस."

काम आज झालेलं नाही, एक कागद कमी पडला. उद्या परत त्याच जिन्यात जायचंय. कुणी पेटवली तर परत सांगणार आहे, आणि तुमच्यापैकी कुणी त्या रांगेत माझ्या मागे उभं असेल तर प्लीज, जाऊ दे म्हणू नका.