अर्ध्या मार्काचा हार

मुलीच्या इंग्रजीच्या वर्कशीटवर लाल शाईत शेरा आला, 'पॅरेंट्स, प्लीज डू नॉट हेल्प', आणि अर्धा मार्क गेला. मार्काचं काही नाही हो. पण उत्तर बरोबर होतं!

वर्कशीट होतं फ्रेंच लेखक मोपासाँच्या 1884 सालच्या 'द नेकलेस' या हाराच्या गोष्टीवर. कारकुनाची हौशी बायको समारंभासाठी मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून नेते, तो हरवतो, नवराबायको 36,000 फ्रँक मोजून तसाच हार परत करतात, दहा वर्षं कर्ज फेडत झिजतात, आणि शेवटी कळतं की मूळचा हार खोटा होता, फार तर 500 फ्रँकचा. मुलीला आयरनी, सिम्बॉल, फोरशॅडोइंग सगळ्याच्या व्याख्या तोंडपाठ. गोष्ट वाचलीस का विचारलं तर म्हणे, "समरी वाचली ना, बाबा." मग बसवून वाचून घेतली. 'हेल्प' म्हणतात ती एवढीच.

फोरशॅडोइंगची, म्हणजे शेवटाची आधीच चाहूल देणारी जागा शोधा, असा प्रश्न होता. तिनंच शोधली. हाराच्या डबीत ज्या सराफाचं नाव असतं त्याच्याकडे ही दोघं जातात, तर तो वह्या चाळून सांगतो, हार माझ्याकडचा नव्हे, मी फक्त डबी दिली असणार. डबी एकाची, माल भलत्याचा! याहून मोठी चाहूल म्हणजे लेखकानं काय समासात बाण काढायचा? पण मॅडमच्या 'आन्सर की'त मैत्रीण हार लगेच देऊन टाकते, एवढं एकच उत्तर. तेही बरोबर आहे. पण म्हणून आमचं चूक?

म्हणून शनिवारी ओपन हाऊसला गेलो. व्हरांड्यात बेबी पिंक रंगाच्या, पहिलीच्या मापाच्या खुर्च्या. शेजारच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकवून एक आजोबा बसले होते. नातवाचं तेच वर्कशीट हातात.

"मी बँकेत कर्ज विभागात होतो," ते आपणहून म्हणाले. "ही केस वाचलीत?"

"गोष्ट ना? वाचली."

"केस चांगली आहे. 18,000 वडिलांचे, बाकीचे उसने. याच्याकडून हजार, त्याच्याकडून पाचशे. तारण शून्य! पण माणूस हुशार. फेब्रुवारीअखेर जुना हार सापडला तर नवा 34,000 ला परत घ्यायचा, हे सराफाकडून आधीच कबूल करून घेतलंय. असा एक माणूस आमच्या शाखेत असता तर..." पुढचं त्यांनी गिळलं.

मी म्हटलं, "काका, पण आयरनी..."

"आयरनी राहू द्या. हार उसना आणताना विचारायला नको? आमच्याकडे लग्नाला पाटल्या मागून आणल्या तरी आई आधी विचारायची, खऱ्या की बेन्टेक्स. एका वाक्यात दहा वर्षं वाचली असती. आणि मुख्य मुद्दा, आता 36,000 चा खरा हार मैत्रिणीकडे आहे. वजा 500. उरले 35,500. ते परत कोण देणार? गोष्ट संपलीच कशी?"

खोटं कशाला बोलू, हा प्रश्न मलाही पडला होता. वर्कशीटमध्ये मात्र नव्हता. नवऱ्याचे ते 400 फ्रँकही नव्हते. पॅरिसजवळच्या नान्तेरच्या माळावर चंडोल मारायला बंदूक घ्यायची म्हणून बिचाऱ्यानं साठवलेले, ते बायकोच्या झग्यात गेले. सगळ्या गोष्टीत माझा जीव अडकतो तो तिथे. पण त्या जागेला काही पारिभाषिक नाव नसावं. नाव नाही म्हणजे मार्क नाहीत, आणि मार्क नाहीत तर मुलं तिथं थांबतील कशाला? समरीत तर ती बंदूकच नव्हती. कठीण शब्दांच्या जोड्या लावायला दोन पानं आणि गोष्टीला तासिका एक. चिडचिड होते ती याची.

आजोबांचा नंबर आधी लागला. दोन मिनिटांची वेळ, पण आतून 'प्रिन्सिपल', 'इंटरेस्ट', 'रिकव्हरी' असे शब्द बराच वेळ येत राहिले. बाहेर आले ते वर्कशीट हलवत.

"नातवानं लिहिलं होतं, मैत्रिणीनं फरक परत करावा. अर्धा मार्क दिला! क्रिएटिव्ह थिंकिंग म्हणाल्या."

मी आत गेलो. पान उघडलं, डबीवर बोट ठेवलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि गोड हसून सांगितलं, "सर, हे की मध्ये नाहीये. नेक्स्ट प्लीज."